१४ महिने, १८० अर्ज आणि लाल बिन

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३३, मेकॅनिकल, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीत ९ वर्षं. सॉफ्टवेअरमध्ये जायचंय म्हणून १४ महिने धडपड चालू आहे, जावा आणि एसक्यूएल शिकून झालं, रोज रात्री कोडिंगचे प्रश्न सोडवणं चालू. १८० ठिकाणी अर्ज, ११ फोन, ४ इंटरव्ह्यू, ऑफर एकही नाही. बायकोची नोकरी आहे, मुलगी बालवाडीत, फ्लॅटचा हप्ता. "आता लॅपटॉप उघडायचीसुद्धा इच्छा होत नाही. जावा सोडून पायथॉन घेऊ का? आणि मोटिव्हेशन टिकवायचं कसं?"

माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नको. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

मी २००५ ते २०१४ भोसरी एमआयडीसीत होतो, क्वालिटीतच. जानेवारी २०१२ मध्ये ठरवलं की सॉफ्टवेअरमध्ये जायचं आणि ऑफर लेटर हातात पडलं मार्च २०१४ मध्ये. सव्वीस महिने. त्यातले चार महिने तर मी सगळं सोडूनच दिलं होतं, ते पुढे सांगतो. आता हिंजवडीत टेस्टिंगची टीम बघतो आणि गेली आठ वर्षं इंटरव्ह्यू घ्यायच्या बाजूला बसतोय, त्यामुळे टेबलाच्या दोन्हीकडून जे दिसलं ते लिहितोय. आणि हेही कबूल करतो की तेव्हा मला जेवढं सोपं गेलं तेवढं आज नाहीये, नवख्या माणसाला आत घेणाऱ्या जागा कमी झाल्यात आणि नुसता कोड लिहून द्यायला आता एआय बसलाय.

मोटिव्हेशनचं म्हणशील तर माझं सहाव्या महिन्यात संपलं आणि खरं सांगतो, परत काही आलं नाही. आधी खूप प्रयत्न केला. कंपनीच्या बसमध्ये कानात इअरफोन घालून यशस्वी लोकांची भाषणं ऐकायचो, सांगवीतून बस निघताना अंगात वारं शिरायचं आणि नाशिक फाटा यायच्या आत उतरलेलं असायचं. संध्याकाळी दमून घरी आलो की त्या भाषणांमुळे उलट जास्त अपराधी वाटायचं, की बघ, तो माणूस पहाटे चारला उठतो आणि तू सोफ्यावर पडलायस. मग तो नादच सोडला.

आता तू क्वालिटीतला माणूस आहेस म्हणून तुझ्याच भाषेत विचारतो. उद्या तुझ्या लाइनवर १८० पीस लागले आणि १८० च्या १८० रिजेक्ट गेले तर तू काय करशील? ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवून "मोटिव्हेटेड राहा" म्हणशील का? अख्खा शॉप हसेल तुला. तू लाइन थांबवशील, लाल बिन, म्हणजे रिजेक्ट मालाचा डबा, टेबलावर उपडं करशील आणि कुठला पीस कुठल्या स्टेशनला गेला ते वेगळं करत बसशील. स्वतःच्या बाबतीत मात्र १४ महिने लाइन चालूच आहे, बिन भरून वाहतंय, आणि तू ऑपरेटरलाच शिव्या घालतोयस. इच्छा होत नाही म्हणतोस ना, अरे कुणाची होईल? सव्वा वर्ष मशिनवर उभं राहून एक पीस ओके निघाला नाही तर कुठलाही शहाणा माणूस मशीन चालू करायला कंटाळणारच, त्यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाही.

तर मांडू या ते बिन. १८० अर्ज, ११ फोन. म्हणजे १६९ पीस पहिल्याच स्टेशनला गेले, कागदावर, शंभरातले जवळजवळ ९४. मग ११ फोन आणि ४ इंटरव्ह्यू, म्हणजे ७ फोनवर गेले. आणि उरलेले ४ शेवटच्या स्टेशनला. सगळ्यात जास्त माल कुठे जातो ते दाखवणारा पॅरेटो चार्ट काढायची गरजसुद्धा नाही, डोळ्यांनी दिसतंय. आणि तू गेले कित्येक महिने रात्री जागून काय करतोयस, तर कोडिंगचे प्रश्न, म्हणजे शेवटच्या स्टेशनची तयारी! माल इनकमिंगलाच, म्हणजे आत येतानाच्या तपासणीलाच अडकतोय आणि तू फायनल इन्स्पेक्शनचं गेज (माप घ्यायचं साधन) पॉलिश करतोयस. मेहनत खोटी नाहीये तुझी, पण जिथे माल अडलाय तिथे ती लागतच नाहीये, आणि माणूस खचतो तो याच्यामुळे, की जीव तोडून काम करूनही आकडा हलत नाही.

त्या १६९ बद्दल एक सांगतो. त्यातल्या बहुतेकांनी तुला नाकारलेलं नाहीये, कारण बहुतेकांनी तुला बघितलेलंच नाहीये. आमच्याकडे एका जागेला चारशे-पाचशे रेझ्युमे येतात, माझ्यापर्यंत पोचतात पंधरा-वीस. बाकीचे एचआरने फिल्टर लावला की बाजूला पडतात, "रिलेव्हंट एक्स्पीरियन्स" च्या रकान्यात शून्य दिसलं की फाइल माणसाने उघडलेलीसुद्धा नसते. शिवाय काही जागा पोर्टलवर नुसत्या लटकलेल्या असतात, आतला कोणीतरी आधीच ठरलेला असतो किंवा बजेट गोठलेलं असतं आणि जाहिरात काढायची कुणाला आठवण राहिलेली नसते. माझ्याच टीमच्या एका जागेची जाहिरात, जागा भरल्यानंतर अडीच महिने तशीच होती, लोक अर्ज करत होते, आणि मला ते कळलं तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण त्यातला प्रत्येक जण घरी मेलबॉक्स उघडून बघत असणार.

आता जावा सोडून पायथॉन घेऊ का हा प्रश्न. तुमच्याकडे तो एक नवीन सेटर (मशीन लावून देणारा) असतोच ना, प्रत्येक पीस मोजायचा आणि दोन मायक्रॉन इकडे गेला की मशीनचा ऑफसेट हलवायचा, तिकडे गेला की परत हलवायचा, आणि दिवसअखेर मशीन होतं त्यापेक्षा जास्त भरकटलेलं. शेवार्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट (मापं ओळीने मांडायचा तक्ता) काढला तेव्हापासून हेच तर सांगतायत, की मर्यादेच्या आतल्या एका पॉइंटवर हात लावू नको, आणि आपल्या एसपीसीच्या (आकडेवारीने प्रक्रियेवर लक्ष ठेवायच्या) ट्रेनिंगमध्येसुद्धा पॉइंट मर्यादेबाहेर गेला किंवा लागोपाठ सात पॉइंट मधल्या रेषेच्या एका बाजूला पडले की कारण शोधायला सांगतात. तुझे इंटरव्ह्यू झालेत चार. चार पॉइंटवर चार्ट वाचता येत नाही रे. कुणीतरी जावातलं इक्वल्स आणि हॅशकोड विचारलं आणि अडलास म्हणून अख्खी भाषा बदलायची, मग पायथॉनमध्ये सहा महिन्यांनी असंच झालं की डेटा सायन्स, मग सायबर सिक्युरिटी. असं करणारे कितीतरी बघितलेत मी, तीन वर्षांनी त्यांच्याकडे पाच अर्धवट कोर्स असतात आणि प्रत्येक वेळी पहिला महिना छान गेलेला असतो. नवीन गोष्ट सुरू करताना उत्साह वाटतो ना, त्या उत्साहाच्या मोहात पडून चाललेलं सोडतात लोक. जावा राहू दे. कुठल्या कामासाठी खरंच पायथॉन लागलं तर तेवढ्यापुरतं शीक.

मग काय दुरुस्त करायचं तर तो कागद. तुझा रेझ्युमे मी बघितलेला नाही पण पैज लावतो, सगळ्यात वर "सीकिंग अ चॅलेंजिंग पोझिशन" छापाचं वाक्य, मग कोर्सची नावं, मग दोन शिकाऊ प्रोजेक्ट (एक लायब्ररी मॅनेजमेंट असणारच), आणि ९ वर्षांची नोकरी खाली दोन ओळींत, लपवल्यासारखी. बरोबर ना? माझाही असाच होता. स्वतःला फ्रेशर समजून फ्रेशरच्या रांगेत उभा होतो. अगदी शब्दशः. एका शनिवारी वॉक-इनला गेलो होतो, सकाळी आठपासून गेटबाहेर रांग, सगळी बावीस-तेवीसची पोरं, कुणाच्या आईने डबा बांधून दिलेला, आणि मी फॉर्मल शर्ट इन करून फाइल घेऊन मध्ये उभा. सिक्युरिटीवाला जवळ आला आणि अदबीने म्हणाला, "सर, इंटरव्ह्यू घ्यायला आलात ना? तुमचं गेट तिकडून आहे." मी काही न बोलता तिकडून निघालो तो थेट घरी. बायकोला सांगितलं की ड्राइव्ह कॅन्सल झाला. दोन वर्षांनी खरं सांगितलं तेव्हा ती हसून हसून लोळली, पण त्या दिवशी मला काही हसू आलं नव्हतं.

त्या रांगेत मी कधीच जिंकणार नव्हतो हे कळायला मला पुढे वर्ष लागलं. माझ्यापेक्षा कमी पगारात, जास्त वेळ, घरची जबाबदारी नसताना कोण काम करणार, तो बावीसचा पोरगाच ना. माझ्याकडे जे होतं ते त्याच्याकडे नव्हतं आणि तेच मी लपवत होतो.

दार उघडलं ते कसं, ते जरा नीट सांगतो. आमच्याकडे एका बुशचा बोअर (आतलं भोक) रोज चाळीस पीसवर मोजायचा, रीडिंग रजिस्टरमध्ये पेनने लिहायची, मग शिफ्ट संपल्यावर ती सगळी एक्सेलमध्ये मारायची आणि महिनाअखेर कस्टमरला सीपीके (मापं मर्यादेत किती नीट बसतात तो आकडा) पाठवायचा. हे काम एक इन्स्पेक्टर मामा करायचे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, एका बोटाने टाइप करायचे, मान वर करून कीबोर्डवर अक्षर शोधायचे. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटायची, मामा सव्वाचारला उठायचे, पहिली बस गेलेली असायची. मार्च २०१३ मध्ये मी स्टोअरमधून एक पडून असलेली डेटा केबल शोधली, डिजिटल गेजला लावली की बटण दाबल्यावर रीडिंग सरळ एक्सेलच्या सेलमध्ये पडतं अशी, आणि त्यावर एक मॅक्रो (एक्सेलमधला छोटा प्रोग्रॅम) लिहिला. रीडिंग पडलं की चार्टवर पॉइंट, आणि ट्रेंड सरकायला लागला की सेल लाल. लिहायला मला तीन गुरुवार लागले (आमची सुट्टी गुरुवारची), पहिल्या दिवशी चाललाच नाही, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम येत होता, त्या पीसीची रीजनल सेटिंग कुणीतरी बदलून ठेवलेली. ते सापडलं आणि मग चालला. आठवड्याने मामा साडेतीनच्या बसला होते. दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी वेगळी शेंगदाण्याची चटणी घेऊन आले, बोलले काहीच नाहीत.

त्या चटणीने जे झालं ते कुठल्या सर्टिफिकेटने झालं नव्हतं. पहिल्यांदा माझ्या हातून एक ओके पीस निघाला होता, कुणीतरी तो वापरत होतं, मी नसतानासुद्धा. मग मी तेच जावात लिहिलं, खाली एसक्यूएलचा डेटाबेस जोडला, आणि पुढे ज्या इंटरव्ह्यूत निवड झाली त्यात चाळीस मिनिटांतली पंचवीस मिनिटं समोरचा माणूस हेच विचारत होता, की ऑपरेटरने चुकीचं रीडिंग मारलं तर, केबल सुटली तर, दोन शिफ्टचा डेटा मिसळला तर. ती कंपनी कारखान्यांसाठीच सॉफ्टवेअर बनवायची. त्यांना कोडर खूप मिळत होते, गेज हातात धरलेला माणूस मिळत नव्हता.

तेव्हा तुझ्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: "सॉफ्टवेअर" नावाच्या मोठ्या समुद्रात उडी मारायच्या ऐवजी शेजारच्या घरात जा. कारखान्यात प्रॉडक्शन आणि ट्रेसेबिलिटी (कुठला पीस कुठून आला त्याचा माग) चालवणारी सॉफ्टवेअर असतात, त्यांचं टेस्टिंग आणि इम्प्लिमेंटेशन. सॅप या कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं क्यूएम, म्हणजे क्वालिटीचं मॉड्यूल. सॅपच्या जुन्या आवृत्तीचा, ईसीसीचा नेहमीचा मेन्टेनन्स २०२७ अखेर संपतोय म्हणून कंपन्यांची नव्या एस-फोर-हानावर जायची धावपळ चालू आहे, आणि इन्स्पेक्शन लॉट (तपासायचा माल) म्हणजे काय, युसेज डिसिजन (तो माल घ्यायचा की नाही हा निर्णय) कोण आणि का अडवून ठेवतं, हे तुला स्क्रीन बघायच्या आधीपासून माहितीये. गाडीच्या ईसीयूचं (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटचं) व्हॅलिडेशन हेही पुण्यात भरपूर आहे, तिथे आयएसओ २६२६२ हे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं स्टँडर्ड शिकावं लागेल, पण एफएमईए (काय-काय बिघडू शकतं त्याचा तक्ता) तिथेही असतो आणि कॉलेजातून आलेल्या मुलाला तो भरायचा फॉर्म वाटतो, ऑडिटच्या आदल्या रात्री ऑकरन्सचे (बिघाड किती वेळा होतो त्याचे) आकडे कसे खाली येतात ते त्याला कुठे माहीत! आणि सगळ्यात जवळचं म्हणजे तुझ्याच कंपनीतलं आयटी किंवा डिजिटायझेशनचं काम, तिथे विचारलंयस का कधी? बहुतेक जण विचारतच नाहीत, बाहेर १८० अर्ज टाकतात आणि वरच्या मजल्यावर बसलेल्या आयटीवाल्याबरोबर एक चहा पीत नाहीत.

फोनवर गेलेल्या सातांचं औषधही इथेच आहे. एचआरची मुलगी विचारते "रिलेव्हंट किती?" आणि तू प्रामाणिकपणे "झिरो" म्हणतोस, ती थँक्यू म्हणते. खोटं बोलू नकोच, पण कामावरच काहीतरी बनवून वापरात आणलंस तर तुला खरंखुरं सांगता येईल की क्वालिटीत ९ वर्षं आणि त्यातले शेवटचे इतके महिने प्लांटचा डेटा एसक्यूएल-जावावर चालवतोय. दुसरं, नोटीस पिरियड ९० दिवस असेल तर तो त्यांनी विचारल्यावर चाचरत सांगू नको, आधीच एचआरला विचारून ठेव की पैसे भरून किती कमी होतो, आणि आकडा सांग.

खोट्यावरून आठवलं. तुला आतापर्यंत कुणीतरी "तीन वर्षांचा एक्स्पीरियन्स लावून देतो" म्हणून भेटला असेलच, मलाही भेटला होता आणि एक रात्र मी गंभीरपणे विचार केला होता, खोटं कशाला सांगू. करू नको. तुझा पीएफ ९ वर्षं एकाच कंपनीतून भरला जातोय, बॅकग्राउंड चेकमध्ये यूएएनची (पीएफच्या कायमच्या नंबरची) सर्व्हिस हिस्ट्री बघतात, तिथे कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत ते सगळं लिहिलेलं असतं. जॉइन झाल्यावर चौथ्या महिन्यात हाकललेला माणूस मी बघितलाय, तो मागेही जाऊ शकत नव्हता. आणि "शंभर टक्के प्लेसमेंट" वाले क्लास, एकाला मी तेव्हा ४५ हजार भरले होते, प्लेसमेंट म्हणजे त्यांनी मला त्याच वॉक-इनच्या लिंक पाठवल्या ज्या मला फुकट दिसत होत्या. सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा डिप्लोमा चांगला आहे, पण तो पूर्ण वेळ असतो, म्हणजे नोकरी सोडणं आलं, आणि हप्ता आणि बालवाडी चालू असताना मी तरी सोड म्हणणार नाही.

आता रोजचं. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय असायचं, त्यात बायको दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख लिहायची. मी त्याच चौकोनात वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक टिंब द्यायला लागलो, ज्या दिवशी चाळीस मिनिटं बसलो त्या दिवशी. चाळीसच. अर्ज किती टाकले, फोन आला का, हे त्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण ते माझ्या हातात नव्हतं आणि त्याचा हिशोब रोज ठेवला की रोज आपण नापास. अर्ज आठवड्यातून एकदाच, गुरुवारी, पाच, निवडून, आणि त्यातले निदान दोन कुणाच्या तरी ओळखीतून. बाकीचे सहा दिवस पोर्टल उघडायचंच नाही. तू रोज किती वेळा बघतोस मला माहीत नाही पण मी एकेकाळी लंचमध्ये, चहाला, बाथरूममध्ये, जिथे सापडेल तिथे बघायचो, आणि प्रत्येक वेळी काही आलेलं नसलं की तो एक छोटा नकारच असतो, दिवसाला पंधरा नकार खाऊन रात्री अभ्यासाला काय बसणार माणूस.

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात रात्री बाराला सुटून यायचो तेव्हा चाळीस मिनिटं व्हायची नाहीत. त्या आठवड्याला वेगळा नियम होता, लॅपटॉप उघडायचा, आदल्या दिवशी लिहिलेल्या वीस ओळी वाचायच्या, बंद करायचा. दहा मिनिटं. त्याला टिंब नाही, एक आडवी रेघ. याने प्रगती काही होत नाही, पण पुढच्या आठवड्यात परत बसताना "कुठे होतो आपण" हे शोधण्यात जो जीव जातो तो वाचतो. आणि बहुतेक लोक सोडतात ते तिथेच, आठ दिवसांच्या खंडानंतर.

माझा खंड मोठा होता. जुलै ते ऑक्टोबर २०१२, कालनिर्णयाची चार पानं कोरी, फक्त दुधाचे खाडे. काही मोठं कारण नव्हतं. एका इंटरव्ह्यूत समोरच्याने रेझ्युमे बघून "या वयात कशाला?" विचारलं, मला उत्तर सुचलं नाही, आणि घरी येऊन मी पुस्तकं माळ्यावर टाकली. चार महिने मस्त झोपलो, क्रिकेट बघितलं, मुलाला सायकल शिकवली. नोव्हेंबरमध्ये ऑफिसच्या एका कटकटीला वैतागून पुस्तकं परत काढली तेव्हा वाटलं सगळं विसरलो असणार, पण पंधरा दिवसांत हात परत बसला. हे सांगतोय कारण तू कदाचित आत्ता घाबरतोयस की थांबलो तर संपलं. तसं नसतं. उलट तुला इतका कंटाळा आला असेल तर दोन आठवडे उघडपणे सुट्टी घे, तारीख लिहून, बायकोला सांगून. लपून-छपून केलेल्या आळसाने विश्रांती मिळत नाही, नुसतं वाईट वाटत राहतं.

बायकोशी एक बोलणं मात्र लवकर करून घे, मी उशिरा केलं. माझा पगार हातात ३२ हजारावरून २१ वर आला होता आणि परत तिथे पोचायला अडीच वर्षं लागली. ते अकरा हजार कुठून कापायचे हे आम्ही ऑफर येण्याआधी कागदावर लिहिलं असतं तर पहिल्या तीन महिन्यांतली भांडणं वाचली असती. तुझा आकडा काय असेल तो दोघांनी आज ठरवा, किती खाली जाऊन चालेल, किती महिने. आणि हेही ठरवा की कुठल्या तारखेपर्यंत. हो, थांबायची तारीख. लोकांना हे नकारात्मक वाटतं, पण मला त्याने हलकं वाटलं होतं. आमचं ठरलं होतं डिसेंबर २०१४. तोपर्यंत रोज "सोडू की नको" हा विचार करायचाच नाही, ती एक मीटिंग डिसेंबरमध्ये ठेवलेली आहे, बस. एका मित्राने अशीच तारीख ठेवली होती, त्याचं नाही जमलं, तो सप्लायर क्वालिटीत गेला, आज निम्मा महिना फिरतीवर असतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. शिकलेलं एसक्यूएल त्याला व्हेंडरचा डेटा उकरायला रोज लागतं.

नातेवाइकांचं काय सांगू. लग्नात कुणीतरी पंगतीत वाकून विचारणारच, "काय रे, तुझ्या आयटीचं काय झालं?" मी सुरुवातीला सविस्तर सांगायचो, मार्केट कसं आहे, काय शिकतोय, आणि समोरचा मठ्ठा पीत मान हलवायचा. नंतर "चाललंय" एवढंच म्हणून वाढप्याला हाक मारायचो. कामावर तर एकालाच सांग, ज्याच्या पोटात राहतं त्याला.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. कंटाळा येणं, चिडचिड होणं वेगळं आणि झोपच उडणं, कशातच मन न लागणं, आपण नसतो तर बरं असं वाटणं वेगळं. तसं काही असेल तर ते करिअरचं काम नाही, डॉक्टरचं आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

तर आता कर काय: अर्ज टाकणं महिनाभर बंद. पूर्ण बंद. कोडिंगचे प्रश्न आठवड्यात दोन दिवस, हात गंजू नये म्हणून. उरलेल्या वेळात तुझ्या शॉपमध्ये कोण शिफ्ट संपल्यावर मागे थांबतं ते बघ. कुणीतरी थांबत असतोच, हाताने काहीतरी उतरवून काढत, दोन एक्सेल शेजारी-शेजारी उघडून. त्याच्या शेजारी स्टूल ओढून बस आणि तो काय करतो ते एकदा पूर्ण बघ, मध्ये बोलू नको. मॅनेजरची परवानगी घे, कंपनीचा डेटा घरी आणू नको, घरच्या लॅपटॉपवर खोटी रीडिंग टाकून बनव. आणि कुणीतरी ते खरोखर वापरायला लागलं की मग रेझ्युमे उघड, ते "सीकिंग अ चॅलेंजिंग" पुसून टाक आणि त्या जागी पहिल्या ओळीत त्याने किती मिनिटं वाचवली ते लिही, मोजून. मोजता तर तुला येतंच.